धाकट्या जावेबरोबर बालीत

बालीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, समुद्र कसा होता? मी सांगते, छान होता, निळा होता. खरं म्हणजे त्या पाच दिवसांत मी समुद्राकडे कमी आणि माझ्या जावेकडे जास्त बघत होते. त्यामुळे ज्यांना बालीची माहिती हवी आहे त्यांना माझं हे लिहिणं अपुरं वाटेल. ज्यांना धाकटी जाऊ आहे त्यांना मात्र ते पुरेल.

माझा स्वभाव जळकुटा आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांवर मी जळत नाही. शेजारणीनं नवी गाडी घेतली की मी खुशाल तिच्याकडे पेढे खाऊन येते. जळते ती फक्त रंजनावर. रंजना माझ्या धाकट्या दिराची बायको. सायखेड्याला त्यांची द्राक्षबाग आहे, आणि ती बाग दिरापेक्षा तीच बघते. ट्रॅक्टर चालवते, फवारणी करते, मजुरांशी भांडते आणि संध्याकाळी त्यांनाच चहा पाजते. मी पंचवटीत फ्लॅटमध्ये राहते आणि सिन्नर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझं अक्षर सुंदर आहे. एवढं एकच तिच्यापेक्षा माझं बरं आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे.

जळण्याचं कारण जुनं आहे. माझा मुलगा निखिल सहा महिन्यांचा होता तेव्हा माझी बदली पेठकडच्या एका पाड्यावर झाली. हे सिन्नरच्या कारखान्यात पाळ्या करायचे. सासूबाई तर माझं लग्न व्हायच्या आधीच गेल्या होत्या. मग निखिलला सायखेड्याला रंजनाकडे ठेवलं. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. तीन वर्षं तो तिच्याजवळ होता, मी शनिवारी जायची आणि रविवारी संध्याकाळी परत निघायची. पोरगं बोलायला लागलं ते तिच्या अंगणात. मला तो आई म्हणतो, तिला माई. ही दोन्ही नावं मी एकाच घरात अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे.

आता मे महिन्याच्या शेवटी त्याचं लग्न ठरलं होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवतात, आणि देवकाला नवऱ्या मुलाचे आईवडील जोडीनं पाटावर बसतात. यांना जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे माझी जोडी नाही, आणि विधवा बाई त्या पाटावर बसत नाही. भाऊजी आणि रंजना बसणार, हे सगळ्यांनी न बोलता धरून ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, की विचारलं नाही. माझ्या मुलाचं देवक, आणि मी कुठल्या तरी खुर्चीवर बसून ते बघायचं. रंजना या विषयावर काही बोलेल म्हणून मी महिनाभर वाट बघितली. ती द्राक्षाच्या खरड छाटणीबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली, देवकाबद्दल चकार शब्द नाही.

अशात निखिलनं आम्हा दोघींची बालीची तिकिटं काढली. "लग्नानंतर तुम्हाला कुठं वेळ मिळणार आहे? आई आणि माई, दोघी जाऊन या." मी म्हटलं, छान. आणि बॅग भरताना सगळे रुमाल दोनदा घडी घातले, इतकी चिडले होते.

सानूर, पहिली संध्याकाळ

विमानात काय झालं ते सोडून देते. रंजनाला खिडकी मिळाली, एवढं पुरे.

माझी सगळी भिस्त इंग्रजीवर होती. परदेशात रंजनाला पाणी मागायलाही माझी गरज लागणार, हे मनाशी पक्कं करून मी उतरले होते. बाहेर आमचा ड्रायव्हर पाटी धरून उभा होता. पन्नाशीचा, हसरा, कानामागं चाफ्याचं फूल खोचलेलं. त्याचं नाव वायान. चारही दिवस तोच आम्हाला फिरवणार होता. मी त्याला तयार करून ठेवलेलं इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं निघालं. रंजनानं नुसता नमस्कार केला आणि त्याच्या कानामागच्या फुलाकडे बोट दाखवून मान डोलावली. तो खुश. तिथून पुढं दोघं हातवारे करून बोलायला लागले आणि मी मागच्या सीटवर बसून दोघांचं भाषांतर करायला तयार राहिले. कुणी मागितलंच नाही.

वायाननं सांगितलं, त्यांच्याकडे मुलांची नावं क्रमानं ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत. मी म्हटलं, आमच्याकडे अशी क्रमानं नावं नाही ठेवत, पण जावांना थोरली आणि धाकटी म्हणतातच. तो हसला आणि मला "वायान" आणि रंजनाला "मादे" म्हणू लागला. निदान इथं तरी माझा नंबर पहिला लागला, म्हणून मला बरं वाटलं.

सानूरचा समुद्र शांत आहे. लाटा दूर फुटतात, किनाऱ्यापाशी पाणी तळ्यासारखं. रंजना सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ आत गेली. मी काठावर चपला सांभाळत बसले. आमच्या हॉटेलच्या दारात, पायवाटेवर, दुकानांच्या उंबऱ्यांवर नारळाच्या पानाच्या छोट्या छोट्या परड्या ठेवलेल्या होत्या. आत फुलं, भाताची शितं, उदबत्ती. वायाननं एक परडी उघडून दाखवली. फुलांखाली विड्याच्या पानाची बारीक गुंडाळी होती, तिच्यात चुना आणि सुपारीचा तुकडा. रोज सकाळी घरातली बाई देवासाठी हे ठेवते म्हणे. परडीवरून कोंबडी गेली, गाडी गेली, तरी कुणाला काही वाटत नाही. देवाला दिलं म्हणजे दिलं, तिथं विषय संपला.

पाण्यातून आलेल्या रंजनाला मी लगेच माझं ज्ञान ऐकवलं. सुपारीवरून मला आमच्या लग्नाची गोष्ट आठवली, तीही सांगितली. सासूबाई नव्हत्या, म्हणून सासरे कमरेला सुपारी खोसून एकटेच देवकाला बसले होते. पुरुषाची बायको नसली की तिच्या जागी सुपारी चालते. रंजना त्या लग्नानंतर घरात आली, त्यामुळे तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती चवीचवीनं सांगत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "कमरेला कुठल्या बाजूला, ताई?"

मी म्हटलं, "मी काय बघायला गेले होते? डाव्या असेल."

तिनं सलवारीचं पाणी पिळलं आणि पुढं चालायला लागली.

सानूर, दुसरा दिवस

आज दिवसभर खाल्लं. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट आमटी ओतलेला एक प्रकार मिळाला. रंजना म्हणाली, "हे तं आपलंच दाण्याचं कूट हाय, नुसतं पातळ केलंय." मी तिला त्याचं खरं नाव सांगितलं, गाडो गाडो. ती हसत हसत तीनदा म्हणाली, आणि वाढणाऱ्या मुलीनं तिला आणखी एक वाटी आणून दिली. मला नाही दिली.

जेवणात लाल मिरचीची चटणी असते, तिला सांबल म्हणतात. वायाननं काळजीनं सांगितलं, तिखट आहे, जपून. रंजनानं पिशवीतून बरणी काढली. सायखेड्याहून आणलेला ठेचा. माझ्या पिशवीत बिस्किटं होती. वायाननं ठेच्याचं बोट चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, त्यानं टेबलावर हात आपटला, भाताचा ढीग मागवला आणि बरणी स्वतःकडे ओढली. मग त्यानं बायकोला फोन लावून बरणी दाखवली. तिकडून ती बाई रंजनाला हात जोडत होती.

संध्याकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. मी किनाऱ्यावर चांगल्या उजेडात उभी राहिले, केस नीट केले.

"मजा येतेय ना, आई? माई कुठंय?"

दुसरंच वाक्य. मी मोजलं.

"पाण्यात आहे," मी म्हटलं.

"उद्या बग्गी बुक केलीये तुमची. दोघींची मिळून एक. चिखल, ओढे, भाताची शेतं, मग समुद्र. आई, तू शेजारी बस, चालवू दे माईला. तिला सवय आहे."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला ठेचा न खाता कळलं. ठरवलं, उद्या बग्गी मीच चालवणार. पंचवटी कारंज्यापासून रविवार कारंज्यापर्यंत ऐन गर्दीत मोपेड चालवणारी बाई आहे मी. बग्गीला तर चार चाकं असतात.

तबनानचा किनारा, तिसरा दिवस

ही बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा. खाली जाड खाचांची मोठी चाकं, वर छप्पर नाही म्हटलं तरी चालेल, आत दोन खुर्च्या. छातीवरून फुलीसारखे पट्टे बांधतात, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. गिअर नाही, फक्त दोन पेडलं. एक पळायचं, एक थांबायचं. वायान पुढं स्वतःच्या चारचाकी मोटरसायकलवर बसला. त्यानं विचारलं, "चालवणार कोण? वायान की मादे?"

रंजना माझ्याकडे बघत होती. मी सरळ स्टिअरिंगमागं जाऊन बसले.

"जाताना मी, येताना तू," मी म्हटलं.

"चालंल," ती म्हणाली आणि शेजारी बसून समोरची नळी धरली.

पहिला अर्धा तास मी खरोखर छान चालवली, हे कुणी मान्य करो न करो. बांबूच्या राईतून चढ, मग लाल मातीचा उतार, मग गुडघाभर पाण्याचा ओढा. ओढ्यात मी जोरानं घातली तेव्हा दोन्ही बाजूंनी पाणी उडालं आणि मी मोठ्यानं ओरडले. पंचावन्नाव्या वर्षी असं ओरडायला मिळतं हे मला माहीत नव्हतं. मी रंजनाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेल असं वाटलं होतं. ती चाकाकडे बघत होती, ट्रॅक्टरवर नवा माणूस बसला की बघावं तशी.

ओढ्यापुढं भाताची खाचरं लागली. डोंगराला पायऱ्या काढल्यासारखी, एकाखाली एक, प्रत्येकात आरसा ठेवल्यागत पाणी. आमच्याकडे इगतपुरीला भात बघितलाय, पण असा नाही. वाट बांधावरून होती, बग्गीपेक्षा हातभरच रुंद. वायाननं मागं हात करून हळू चालवायची खूण केली.

"हळू, ताई," रंजना म्हणाली.

वायाननं सांगितलं ते मला चाललं होतं. तिनं सांगितलेलं चाललं नाही. उजवा पाय आपोआप खाली गेला. बांध वळला, मी वळले नाही. बग्गी डाव्या अंगानं खाली घसरली आणि कुणाच्या तरी नुकत्याच लावलेल्या खाचरात जाऊन बसली. नाकातोंडात चिखल. चाकांखाली कोवळ्या रोपांच्या ओळीच्या ओळी.

वायान धावत आला, आम्हाला काही लागलं नाही हे बघून त्यानं देवाचं नाव घेतलं. मी म्हणत होते, "ब्रेक लागलाच नाही." ब्रेकला मी पायसुद्धा लावला नव्हता.

रंजना पट्टे सोडून खाली उतरली. बग्गीकडे बघितलंच नाही. चिरडलेल्या रोपांपाशी वाकली. "कालची नाय तं परवाची लावणी हाय," ती म्हणाली. "कोण्या माउलीची कंबर मोडली असंल." तिनं सलवार खोचली, बूट काढून बांधावर फेकले आणि आडवी पडलेली रोपं उपटायला लागली. उपटली, पाटाच्या पाण्यात धुतली, तीन-तीन चार-चार काड्या चिमटीत धरून अंगठ्यानं चिखलात दाबत मागं मागं सरकू लागली. तिचं माहेर घोटीकडचं, भाताचं. मी हे विसरले होते. सायखेड्याची द्राक्षवाली म्हणूनच मी तिला ओळखत होते.

इतक्यात खाचराची मालकीण आली. सत्तरीची म्हातारी, डोक्यावर टोपलीसारखी गवताची टोपी, तोंड विड्यानं लाल. वायान हात जोडून काहीतरी समजावत होता. आता ही बाई आपल्याला सोलणार म्हणून मी हेल्मेट काढलंच नाही. म्हातारीनं बग्गीकडे बघितलं, मग रंजनाच्या हातांकडे. बराच वेळ बघितलं. मग तीही चिखलात उतरली आणि रंजनाच्या शेजारी वाकून लावणी करू लागली. दोघी एका लयीत मागं सरकत होत्या. भाषा एकीची सायखेड्याची, दुसरीची बालीची, आणि दोघी बोलत होत्या. खुदखुदत होत्या. मी तीस वर्षं पोरांना भाषा शिकवली, आणि तिथं बांधावर मुकी उभी राहिले.

"उतरा की, ताई," रंजनानं हाक मारली.

उतरले. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. मीही रोपं लावली, अगदी सरळ ओळीत, फळ्यावर अक्षरं लिहावीत तशी. दोन मिनिटांत माझी सगळी रोपं वर येऊन पाण्यावर तरंगू लागली. म्हातारी माझ्या मागून आली, तिनं एकेक रोप उचललं आणि पुन्हा लावलं. शाळेत कच्च्या पोरांच्या वह्या मी अशाच दुरुस्त करते.

काम संपल्यावर म्हातारीनं कमरेच्या बटव्यातून पान काढून रंजनाला दिलं. बांधाच्या टोकाला पोफळीची उंच झाडं होती, खाली सुपाऱ्या पडलेल्या. रंजनानं शोधून शोधून एक वाळलेली, तपकिरी सालीची उचलली, म्हातारीला दाखवली, न्यायची का म्हणून खूण केली. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. रंजनानं सुपारी रुमालात बांधून गाठ मारली. मला वाटलं, फुकटात मिळतंय तर सुपारीही सोडत नाही ही.

मग नारळाच्या झावळ्या चाकांखाली घातल्या. रंजना स्टिअरिंगवर बसली, मी आणि वायाननं ढकललं, आणि तिनं एका दमात बग्गी उलटी बांधावर काढली. आता परत जाईपर्यंत तीच चालवणार, हे उघड होतं. मी गुमान शेजारच्या खुर्चीकडे गेले. ती तिथं आधीच येऊन उभी होती.

"तिकडं बसा, ताई. समुद्र यायचाय अजून. तुमची बारी सरली नाय."

मला इतका राग आला की काय सांगू. तिनं चालवली असती तर निदान मनापासून जळता तरी आलं असतं. तेवढंही सुख तिनं ठेवलं नाही.

समुद्रावर पोचलो. तबनानची वाळू काळी आहे, ज्वालामुखीची, ओली असली की चकाकते. माणूस नाही, काणूस नाही. वायाननं हातानं दाखवलं, पळवा. मी पळवली. लाटांच्या कडेकडेनं, खारं पाणी तोंडावर घेत, थेट खडकांपर्यंत. तिथं थांबवली. इंजिन बंद केल्यावर फक्त समुद्राचा आवाज राहिला. आणि मला आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नाही असं वाटलं.

"देवकाला तू आणि भाऊजी बसणार ना?"

रंजनानं गॉगल वर केला. "घरी गेल्यावर बघू."

"त्यात बघायचं काय आहे? सगळ्यांनी ठरवलंच आहे. मुलगा तर तू आधीच घेतलास माझा. आता पाटही घे."

बोलून गेले. अठ्ठावीस वर्षं तोंडापर्यंत आलेलं आणि गिळलेलं वाक्य.

"म्या नाय घेतला," ती म्हणाली. "तुम्ही ठेवला व्हता माझ्याकडं. म्या सांभाळला."

मग हेल्मेट काढून मांडीवर ठेवत म्हणाली, "तुम्हाला एक सांगते, ताई. दर शनिवारी तुमच्या एसटीचा टाइम झाला का तो फाटकापाशी जाऊन बसायचा. हप्ताभर म्या खाऊ घालायची, न्हाऊ घालायची, आन् तुम्ही दिसल्या का माझ्या कडेवरनं उडी मारायचा. वळून बघायचा नाय. म्या गोठ्यात जाऊन रडायची. लय जळायची तुमच्यावर."

हे ऐकून मला काय झालं असेल? मला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद. वर्षानुवर्षं मीच एकटी जळत नव्हते. फाटकापाशी बसणारं पोर मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी उतरले तेव्हा ते नेहमी तिच्या कडेवर असायचं, तेवढंच मला दिसत आलं होतं.

डोळे भरून आले. वाळू गेली म्हटलं. रंजनानं रुमाल पुढं केला, मग आठवण होऊन मागं घेतला, कारण त्यात सुपारी होती. तिनं ओढणीचं टोक दिलं.

येताना तिनं चालवली. किती सुरेख चालवली ते मी लिहिणार नाही.

पंचवटी, परतल्यावर

पाचव्या दिवशी घरी आलो. आठवड्याभरात लग्नाची बैठक माझ्याच घरी बसली. भाऊजी, रंजना, निखिल आणि मांडवाचे विधी करणारे गुरुजी. गुरुजी वहीत लिहून घेत होते. हळद, मांडव, देवक.

"देवकाला काका-काकू," ते लिहिता लिहिता म्हणाले. मी चहाचे कप उचलायला उठले. उठायला तेवढं एकच निमित्त होतं.

"थांबा जरा, गुरुजी," रंजना म्हणाली. तिनं रुमाल काढला, गाठ सोडली आणि सुपारी वहीवर ठेवली. "आमच्या सासऱ्यांची बायको नव्हती. ते ही खोसून बसले व्हते ना देवकाला?"

"हो, मीच होतो तेव्हा. पुरुषाला चालतं तसं."

"मंग बाईला का नाय चालत? सुपारीला काय कळतंय, कंबर कोणाची हाय ते?"

भाऊजींनी बायकोकडे बघितलं, मग खाली. मी कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. सानूरच्या वाळूत तिनं विचारलेलं "कुठल्या बाजूला, ताई?" मला आत्ता ऐकू आलं.

गुरुजींनी सुपारी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली. "असं अजून कुणी केलेलं नाही," ते म्हणाले. बराच वेळ ती फिरवत राहिले. "कुठली ही?"

"बालीची."

"चालेल," गुरुजी म्हणाले. "पण साल काढून आणा."

रंजनानं द्राक्षाच्या घडांची कात्री पिशवीतून काढली आणि तिथंच सोलायला बसली. निखिल उठून माझ्यापाशी आला आणि त्यानं माझ्या हातातले कप घेतले.

देवकाच्या सकाळी मी पाटावर बसले. हिरवं नाही, मोतिया रंगाचं लुगडं, डाव्या कमरेला सुपारी. टोचत होती. मांडवात कुजबुज झाली, ती व्हायचीच होती. पण दुपारपर्यंत कुजबुजीचं कौतुक झालं, आणि कौतुक कुणाचं? रंजनाचं. काय मनाची बाई आहे, म्हणून सगळ्या गोतावळ्यात तिचं नाव. पाटावर मी बसलेली, आणि नाव तिचं.

मला पोटात दुखलंच. खोटं कशाला लिहू? आणि पाटावर बसल्या बसल्या मी स्वतःला विचारलं, तिच्या जागी मी असते तर दिली असती का मी ही जागा? नसती दिली. बालीची सुपारी तर सोडाच, सिन्नरच्या बाजारातूनसुद्धा आणली नसती.

गुरुजींनी अक्षता दिल्या. निखिल हळदीच्या अंगानं समोर येऊन माझ्या पाया पडला आणि मान वर करताच मांडवाच्या टोकाकडे बघून ओरडला, "माई!"

माझ्या पोटात ती जुनी कळ उठली, सवयीनं. रंजना लांब चुलीपाशी होती, तिला ऐकूच गेलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, तरी नाही.

मग मीच पाटावरून जोरात ओरडले, "रंजना, अगं, तुला बोलावतोय तो!"